बांधकाम-कामगार : प्रकल्पापुरता की कायमचा?

देणे वहीत उतरविणे ही व्यापाराची पहिली शिकवण होय. रोकड हाती असो वा नसो, माल उधारीवर उचलला असेल तर त्याची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, हा आपल्या पेढ्यांचा पूर्वापार दंडक आहे. दिवाळीस वह्यांचे पूजन करताना आपण ज्या गोष्टीस नमस्कार करतो ती लक्ष्मी खरी. परंतु तिच्याबरोबर आपण हिशोबाच्या चोखपणासही नमस्कार करीत असतो. अशा परंपरेत वाढलेल्या व्यापारी समाजापुढे प्रस्तुत लेखात एक साधा प्रश्न मांडावयाचा आहे. ज्या गोदामात आपला माल सुरक्षित आहे, ज्या कारखान्याच्या छपराखाली आपली यंत्रे फिरत आहेत, त्यांच्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या त्या गवंडी-बिगाऱ्यांचे देणे आपल्या कोणत्या वहीत लिहिले गेले? रोजची मजुरी दिली गेली, हे मान्य. पण मजुरीखेरीज दिवसागणिक साठत जाणारे असे त्यांचे काही येणे असते की नाही, आणि असल्यास ते कोणाच्या नावे पडते, याचा विचार आपल्या सभांतून क्वचितच होतो.

सिल्वासा येथे हा प्रश्न दूरचा नाही. १९५४ साली मुक्त झालेला आणि १९६१ साली भारतात विलीन झालेला हा प्रदेश तेव्हा रानाचा आणि शेतीचा होता. त्याचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. पुढे पिपरिया, मसाट, खडोली येथे औद्योगिक वसाहती झाल्या, करांत सवलती मिळाल्या, आणि कारखान्यांची छपरे एकामागून एक उभी राहिली. २००१ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत छप्पन्न टक्क्यांच्या जवळपास वाढ! एवढ्या माणसांची घरे, चाळी, दुकाने आणि रस्ते कोणी तरी बांधले. ते बांधणाऱ्यांत येथील वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी होते. शेजारच्या पालघर जिल्ह्यातून भातकापणी आटोपून बाहेर पडणारी कुटुंबे होती. आणि उत्तरेकडून व पूर्वेकडून आगगाडीने वापीस उतरणारे कारागीर होते. शहर वाढले, कारखानदार वाढले, व्यापारही वाढला. बांधणारा मात्र आजही पहाटे मजूर-नाक्यावर उभा असतो, आणि त्याच्याजवळ कालच्या कामाचा कागदाचा एक चिटोराही नसतो.

दोन शब्द, दोन अर्थ

बांधकामाच्या धंद्यात नोकरीचे दोन प्रकार मानले जातात. एक प्रकल्पापुरती नोकरी : इमारत, पूल, रस्ता वा धरण यांचे काम सुरू झाले की माणूस लागतो आणि काम संपले की सुटतो. दुसरी नियमित नोकरी : काम कोठेही असो, माणूस त्या पेढीचा वा कंपनीचा असतो, आणि त्यास काढावयाचे झाल्यास नोटीस, भरपाई आदी विधी पाळावे लागतात. पहिल्या प्रकारात अन्याय असतोच असे नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. इमारत ही गिरणीसारखी नव्हे. गिरणीत आज सूत निघते तसे उद्याही निघावयाचे असते. इमारत मात्र पूर्ण होण्यासाठीच आरंभिलेली असते. ती पूर्ण झाल्यावर सेंट्रिंगवाल्यास तेथे काय काम? त्यास तेथेच धरून ठेवावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

गोंधळ पुढे होतो. एकच ठेकेदार एक गोदाम संपवून दुसरे धरतो, दुसरे संपवून तिसरे. त्याच्याबरोबर तोच गवंडी, तोच फिटर, तोच बिगारी. कागदावर दर वेळी नवा प्रकल्प आणि नवा मजूर. वस्तुतः मालकही तोच, माणूसही तोच आणि थापीही तीच. सात-आठ वर्षे असे चालल्यावर त्या गवंड्यास ‘प्रकल्पापुरता’ म्हणणे म्हणजे ज्या गिऱ्हाइकाशी आपला दहा वर्षांचा व्यवहार आहे त्यास दर खेपेस अनोळखी म्हणण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे की, प्रकल्पापुरती नोकरी तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा तिचा शेवट कामगारास आरंभीच लेखी कळविलेला असतो आणि तिच्यातील दिवस पुढच्या कामावरही त्याच्या नावे जमा राहतात. या दोन गोष्टी नसतील तर ‘प्रकल्प’ हा शब्द केवळ देणे झाकण्याचे वस्त्र ठरतो.

कायद्याने आखलेली रेषा

हा भेद आपल्या कायद्यास अपरिचित नाही, आणि त्याच्या इतिहासाची एक कडी महाराष्ट्रात बार्शीस जाऊन पोचते. मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूर या भागांस जोडणारी बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मार्गाची आगगाडी एका खासगी कंपनीची होती. १९५४ च्या १ जानेवारीस सरकारने ती ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने आपल्या नोकरांची सेवा संपविली. नोकरकपातीची भरपाई द्यावी लागेल की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच्याबरोबर बडोद्याच्या एका बंद झालेल्या गिरणीचाही वाद होता. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे म्हणजे नोकरकपात. धंदाच हस्तांतरित झाला वा खरोखर बंद झाला तर ती नोकरकपात नव्हे. म्हणजे कामगारास भरपाई नाही.

या निर्णयाने जी पोकळी पडली ती संसदेने १९५७ साली १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून भरून काढली, आणि ती दुरुस्ती निर्णयाच्या दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू केली. धंदा बंद झाला तरी भरपाई द्यावी, असे ठरले. बांधकामासाठी मात्र त्यात वेगळे पोटकलम घालण्यात आले. इमारती, पूल, रस्ते, कालवे, धरणे वा तत्सम बांधकामासाठी उभारलेला उपक्रम काम पूर्ण झाल्यामुळे दोन वर्षांच्या आत बंद झाला, तर ही भरपाई द्यावी लागणार नाही. परंतु काम दोन वर्षांत पुरे झाले नाही, तर कामगारास नोटीस मिळाली पाहिजे आणि सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाईही मिळाली पाहिजे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा भेद कायम ठेवला आहे.

या तरतुदीत एक व्यवहारज्ञान दडलेले आहे. संसदेने मालकाची अडचण ओळखली : काम संपते, हे सत्य तिने नाकारले नाही. त्याचबरोबर तिने कामगाराचेही सत्य ओळखले : माणूस एका कामावर दीर्घकाळ राहिला की त्याचे आयुष्य त्या कामाभोवती बांधले जाते, मुले तेथल्या शाळेत जातात, गावाकडची शेती दुसऱ्याच्या हाती जाते, आणि अशा माणसास रिकाम्या हाताने घालविणे उचित नाही. आपल्याच परिसराकडे पाहावे. दमणगंगेवरील मधुबन धरणाचे व त्याच्या कालव्यांचे काम काही एका हंगामात उरकले नाही. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्ग एकूण ५०८ किलोमीटरचा. त्यातील सुमारे ४.३ किलोमीटर आपल्या प्रदेशातून जातो. त्या प्रकल्पाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसली. काम वर्षानुवर्षे चालले आहे. अशा कामावरील माणसास ‘तात्पुरता’ म्हणताना जीभ थोडी अडखळावयास हवी.

तथापि ही रेषा मोठ्या उपक्रमांसाठी जितकी उपयोगी, तितकी लहान ठेकेदारांच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. सहा-सहा महिन्यांची दहा कामे ज्याने एकाच ठेकेदाराकडे केली त्याची दोन वर्षे कोठून मोजावयाची? प्रत्येक काम वेगळा उपक्रम मानला तर ती कधीच भरत नाहीत. ठेकेदाराची पेढी हाच उपक्रम मानला तर ती केव्हाच भरली. त्यात १९८४ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि ठराविक मुदतीचा करार संपल्यावर होणारी सेवासमाप्ती नोकरकपातीच्या व्याख्येतून वगळली गेली. मुदतीचा करार प्रामाणिक असेल तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु दोनशे चाळीस दिवसांची सलग सेवा भरू नये म्हणून मध्येच आठ-दहा दिवसांचा खंड पाडावयाचा आणि मग त्याच माणसास त्याच कामावर पुन्हा घ्यावयाचे, ही युक्ती कोणत्या खाती टाकावी, हे हिशोबनीस वाचकांस सांगावयास नको.

नव्या संहिता आणि जुनी सवय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार-संहिता अंमलात आल्या आहेत. त्यांतील तीन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिली, प्रत्येक कामगारास नेमणुकीचे पत्र दिले पाहिजे. दुसरी, ठराविक मुदतीवर घेतलेल्या माणसाचे वेतन, तास व लाभ त्याच कामावरील कायम माणसापेक्षा कमी असता कामा नयेत. तिसरी, अशा मुदतीच्या नोकरास ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची वाट पाहावी लागणार नाही. एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ती त्यास मिळावयाची आहे. कागदावर पाहता प्रकल्पापुरत्या कामगाराची बाजू यामुळे पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे.

पण कायद्याचे कागद आणि नाक्यावरचा मजूर यांच्यामध्ये मुकादम उभा असतो. मुकादम दिवाळीच्या सुमारास पाड्यावर जाऊन उचल देतो. ती उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब कामावर येते. पुष्कळदा नवरा-बायकोची मजुरी ‘जोडी’ म्हणून एकत्र ठरते आणि ती नवऱ्याच्या हाती पडते. विटा-वाळू वाहणाऱ्या बायकोचे नाव हजेरीपटावर चढतच नाही. अशा माणसांस नेमणुकीचे पत्र कोण देणार? पोटठेकेदार म्हणतो, माणसे मुकादमाची. ठेकेदार म्हणतो, पोटठेकेदाराची. आणि मालक, म्हणजे आपणच, म्हणतो की आम्ही काम अंगावर दिले, माणसांशी आमचा संबंध नाही. चार जणांच्या वहीत शोधूनही ज्याचे नाव सापडत नाही, असा तो माणूस आपल्या भिंतीत मात्र विटेविटेत असतो.

याचा परिणाम काय होतो तो पाहा. १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे झाले : एक सेवाशर्तींचा आणि दुसरा उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यावा आणि त्यातून कामगारांस अपघात, आजार, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, वृद्धापकाळ यांसाठी साहाय्य द्यावे, अशी ती योजना. त्या योजनेचा गाभा आता नव्या संहितांत आला आहे. परंतु लाभार्थी होण्यासाठी कामगाराने गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, ही अट तेव्हाही होती आणि आजही आहे. ९० दिवसांचा सर्वांत सरळ पुरावा म्हणजे मालकाचा वा ठेकेदाराचा दाखला; आणि नेमका तोच मिळत नाही. आज दाखला दिला तर उद्या हाच माणूस नोकरीचा हक्क सांगेल, या भीतीने ठेकेदार सही करीत नाही. तेव्हा उपकर आपण भरतो, पैसा सरकारजमा होतो, आणि ज्याच्यासाठी तो भरला तो दाराबाहेर राहतो. १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उपकराचा पैसा कामगारांपर्यंत पोचत नसल्याबद्दल, कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. पुढे दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा याच निधीतून नोंदणीकृत कामगारांस रोख साहाय्य द्यावे असे केंद्राने राज्यांस सुचविले. ज्यांची नोंद होती त्यांच्या खात्यांत काही तरी पडण्याची आशा होती. ज्यांची नव्हती त्यांना महामार्गाने पायी गावी जाताना आपण साऱ्यांनी पाहिले. दोघांच्या श्रमात फरक नव्हता. फरक एका सहीचा होता.

व्यापाऱ्यांचा आक्षेप

यावर आपल्यातील अनेकांचा आक्षेप ठाऊक आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात : “लहान ठेकेदाराकडे बारमाही काम नसते. पावसाळ्यात स्लॅब अडतो, वाळू मिळत नाही, मालकाचे बिल तीन-तीन महिने निघत नाही. अशा स्थितीत माणसे कायम केली तर बसून पगार कोठून द्यावयाचा? ठेकेदार बुडेल, आणि त्याच्याबरोबर मजूरही.” हे म्हणणे खोटे नाही. सर्वांस सरसकट कायम करा, असा उपदेश करणाऱ्यांनी कधी सिमेंटची उधारी चुकती केलेली नसते.

पण आक्षेपात एक गृहीत आहे ते तपासले पाहिजे. नियमित म्हणजे काम नसतानाही पगार, असे आपण मानून चालतो. तसे असलेच पाहिजे असे नाही. फिलिपाईन्समध्ये कामगार-कायद्यातच ‘प्रकल्प-कामगार’ आणि ‘नियमित कामगार’ असा भेद आहे. कामाची व्याप्ती व मुदत नेमणुकीच्या वेळीच ठरलेली आणि कामगारास कळविलेली असेल तरच तो प्रकल्प-कामगार. बांधकामासाठी १९९३ साली त्या देशाच्या श्रमखात्याने वेगळा आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक प्रकल्प संपल्यावर सुटलेल्या माणसांची माहिती श्रमकार्यालयास द्यावी लागते, आणि ती न देणे हा माणूस नियमित असल्याचा एक पुरावा धरला जातो. १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटनिर्मितीतील कामगारांच्या एका वादात आणखी पुढची गोष्ट सांगितली. एकाच मालकाने त्याच त्या कामासाठी, आणि ते काम त्याच्या धंद्यास आवश्यक असताना, माणसास सतत पुन्हा पुन्हा घेतले, तर तो नियमित होतो. मात्र दोन प्रकल्पांच्या मधल्या रिकाम्या काळात त्यास बिनपगारी रजेवर समजता येते. म्हणजे नाते अखंड राहते, पगार कामाप्रमाणे चालतो. व्यापाऱ्यास न परवडणारे असे यात काय आहे?

महाराष्ट्रातील दोन दाखले

असे मधले मार्ग शोधण्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खात्यांत हजारो माणसे रोजंदारीवर राबत. धरण संपले की त्यांना दुसऱ्या धरणावर, रस्ता संपला की दुसऱ्या रस्त्यावर न्यावयाचे, पण नोकरीचा पत्ता नाही. १९६० नंतरच्या दशकात झालेल्या ‘कालेलकर करारा’ने त्यावर तोड काढली. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या रोजंदार कामगारास एका वेगळ्या वर्गात घेण्यात येऊ लागले. त्या वर्गाचे नाव ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना’. नियमितही आणि अस्थायीही! शब्दांकडे पाहून कोणास हसू येईल. परंतु त्या विसंगत नावात बांधकाम-कामगाराचे खरे वर्णन आले आहे. त्याचे काम अस्थायी असते आणि त्याची सेवा नियमित असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे सरकारी भाषेने मान्य केले, ही थोडी गोष्ट नव्हे.

दुसरा दाखला आपल्या व्यापारी समाजास अधिक जवळचा आहे. मुंबईच्या धान्यबाजारात, लोखंडबाजारात, गोदीबाहेरच्या वखारींत डोक्यावर माल वाहणारा माथाडी हा कोणत्याच एका पेढीचा नोकर नव्हता. आज या दुकानी, उद्या त्या वखारीत. म्हणून त्यास कोणताच हक्क नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. कामगाराने मंडळाकडे नाव नोंदवावयाचे, मालकानेही नोंदवावयाचे. मजुरी व तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरावयाची. आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार यांची व्यवस्था लावावयाची. हमाल पेढीचा न होता धंद्याचा झाला. दुकान बदलले तरी त्याचे दिवस वाया जाईनात. त्या व्यवस्थेत दोष शिरले, माथाडींच्या नावाखाली काही जण दमदाटी करून पैसे उकळतात, अशा तक्रारी व्यापाऱ्यांनी वेळोवेळी केल्या आहेत, आणि त्या निराधार नाहीत. पण दोष अंमलाचा आहे. मूळ कल्पना हमालासही तारणारी आणि पेढीसही झेपणारी ठरली. हा महाराष्ट्राचा कायदा आपल्या प्रदेशास लागू नाही. तरी त्यातील विचार सीमेपाशी अडविण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशोब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. समजा, एक गवंडी दिवसास ६०० रुपये मिळवितो आणि एकाच ठेकेदाराकडे सात वर्षे राहिला. वर्षामागे पंधरा दिवस या मापाने त्याचे १०५ दिवसांचे, म्हणजे ६३,००० रुपयांचे येणे झाले. एकदम द्यावयाचे तर लहान ठेकेदारास ही रक्कम पहाडासारखी वाटते. म्हणूनच तो ती टाळतो. पण तीच रक्कम दररोज बाजूस काढली असती तर? वर्षात ३०० दिवस काम धरले तर पंधरा दिवस म्हणजे मजुरीच्या पाच टक्के. समजा, आपण ५० लाखांचे गोदाम बांधतो आणि त्यात मजुरीचा वाटा चौथा हिस्सा, म्हणजे साडेबारा लाख आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे ६२,५०० रुपये. एकूण खर्चाच्या सव्वा टक्का. लोखंडाचा भाव पुष्कळदा एका महिन्यात याहून अधिक वर-खाली होतो, आणि आपण कपाळास आठी न घालता तो सोसतो. तेव्हा प्रश्न पैशाचा कमी आणि सवयीचा अधिक आहे. देणे रोज लिहिले तर हलके असते. सात वर्षांनी आठवले तर ते कोणासच पेलत नाही.

आपण काय करावे?

सरकारने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या संघाचे सभासद बांधकाम करवून घेणारे आहेत. सिमेंट, लोखंड, लाकूड, रंग विकणारेही आहेत. आपल्या हातात जे आहे तेवढेच येथे मांडतो.

प्रथम, ठेकेदारास काम अंगावर देताना करारात एक कलम घालावे : कामावरील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव हजेरीपटावर स्वतंत्र असेल, आणि प्रत्येकास कामाचे स्वरूप, अंदाजी मुदत व रोज लिहिलेले पत्र त्यास समजेल अशा भाषेत मिळेल. वारली वा कोकणा मजुरास ते वाचून दाखवावे लागेल, दाखवावे.

दुसरे, इमारतीस पुढे तडा गेला, गळती लागली तर असावी म्हणून ठेकेदाराच्या बिलातील काही रक्कम आपण राखून ठेवतो. भिंतीच्या तड्याची एवढी काळजी घेणाऱ्यांनी माणसाच्या दाखल्याचीही घ्यावी. कामगारांस त्यांच्या दिवसांचे दाखले दिल्याचे पाहिल्याखेरीज राखीव रक्कम मोकळी करू नये. हा उपाय बिनखर्ची आहे आणि त्याचा परिणाम पहिल्याच बिलापासून दिसेल. मजुरी थकली तर मूळ मालकास ती भरावी लागते, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आपल्यास ठाऊक आहेच. तेव्हा हजेरीपट डोळ्यांखालून घालणे हे आपल्याही हिताचे आहे.

तिसरे, ठेकेदाराची बिले वेळेवर चुकती करावी. आपण तीन महिने पैसे अडवून ठेवावयाचे आणि मग ठेकेदार माणसे कायम करीत नाही म्हणून त्यास दोष द्यावयाचा, हे न्यायाचे नव्हे. नाक्यावरच्या मजुराची अस्थिरता पुष्कळदा आपल्या गल्ल्यापासून सुरू होते.

चौथे, जो ठेकेदार तीच माणसे वर्षानुवर्षे बाळगतो आणि त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरतो, त्याचा दर थोडा अधिक असला तरी त्यास काम द्यावे. सर्वांत कमी दराची निविदा निवडताना तो दर कोणाच्या ताटातून कमी झाला, हे विचारण्याची प्रथा आपण पाडू शकतो. किंबहुना ती आपणच पाडू शकतो. कारण काम देणारा आपण आहोत.

पाचवे, आपल्या संघाने एक नोंदवही ठेवावी. सभासदांच्या बांधकामांवर काम केलेल्या, आणि ज्याची तशी इच्छा असेल अशा, प्रत्येक कामगाराचे दिवस तीत जमा व्हावेत. ठेकेदार बदलला, काम बदलले, तरी वहीतील पान तेच राहील. एका मालकाकडे २५ दिवस, दुसऱ्याकडे ३०, तिसऱ्याकडे ४० असे ९५ दिवस त्या पानावर भरले, की कल्याणकारी मंडळापुढे तो माणूस रिकाम्या हाताने जाणार नाही. वह्या ठेवण्यात आपला समाज कोणास हार जाणारा नाही. आजवर मालाच्या ठेवल्या. आता श्रमाच्याही ठेवू.

या पाच गोष्टींनी प्रत्येक मजूर कायम नोकर होईल, असे नाही. व्हावा, असा आग्रहही नाही. ज्याचे काम खरोखर एका प्रकल्पापुरते आहे तो प्रकल्पापुरताच राहो, पण त्याचे त्यास सांगून. आणि जो दहा वर्षे एकाच माणसाच्या हाताखाली भिंती रचीत आला आहे त्यास नियमित म्हणण्याचे धैर्य त्या माणसाने दाखवावे. यातून मालकाचाही लाभ आहे. ज्या गवंड्यास उद्याची शाश्वती आहे तो ओळंबा नीट धरतो. ज्यास संध्याकाळी सुटावयाचे आहे तो संध्याकाळकडे डोळे लावून बसतो. कसबी माणूस टिकला तर माल वाया जात नाही, काम मुदतीत होते, आणि अपघातही कमी होतात, हा अनुभव बांधकाम करवून घेतलेल्या कोणाही सभासदास विचारावा.

या प्रदेशाने आपणांस पुष्कळ दिले. येथील जमिनीने जागा दिली, दमणगंगेने पाणी दिले, आणि येथल्या व बाहेरून आलेल्या हातांनी भिंती दिल्या. जमिनीचे मोल आपण चुकते केले, पाण्याची पट्टी भरतो. हातांचे मोल मात्र रोजच्या रोज देऊन मोकळे झालो, असे आपण मानीत आलो. येत्या दिवाळीस नव्या वह्यांवर कुंकवाचे बोट उमटविताना त्यांत या खात्याचेही एक पान उघडावे, एवढीच व्यापारी बंधूंस विनंती आहे.